गिटारच्या टॉपचं ब्रेसिंग: पट्ट्या किती उंच ठेवायच्या आणि तासणं कुठे थांबवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात घरी पहिली स्टीलच्या तारांची गिटार बांधायला घेतली आहे, ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद अंगाच्या) आकाराची, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४५ मि.मी. टॉप (पुढची फळी) सिटका स्प्रूसचा, २.८ मि.मी. जाडीवर आणलेला. नकाशा मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या जुन्या गिटारींच्या धर्तीचा, एक्स-ब्रेसिंगचा, म्हणजे टॉपला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्यांपैकी दोन मुख्य पट्ट्या एक्ससारख्या छेदतात तो. एक्सच्या पट्ट्या ८ मि.मी. रुंद घ्या असं सगळेच सांगतात, पण उंची कुणी १३ म्हणतं, कुणी १६. स्कॅलप करायचं, म्हणजे पट्टी मधे खोलगट कोरायची, की सरळ उतार द्यायचा? चिकटवायचं कशाने? आणि तासताना ‘आता पुरे’ हे कळायचं कसं?

नकाशातून फक्त जागा घ्या: एक्स कुठे छेदतो, त्याचे पाय कुठून जातात, ब्रिज (तारा अडकवायचा टॉपवरचा लाकडी तुकडा) कुठे बसतो. उंची तुमच्या हातातल्या लाकडावर ठरते. एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्यांचा ताठपणा सारखा नसतो, त्यामुळे १३ सांगणारा आणि १६ सांगणारा दोघेही आपापल्या गिटारीपुरते बरोबर असू शकतात. खाली जे आकडे दिलेत ते सुरुवातीचे आहेत. तिथून खाली कसं आणि किती उतरायचं हा या उत्तराचा मुख्य भाग.

आधी टॉपवर भार काय येतो ते बघू. १२-५३ चा तारांचा सेट (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७४ किलो होतो. हा ताण टॉपला सरळ वर उचलत नाही. तारा ब्रिजमध्येच अडकवलेल्या असतात आणि सॅडलवर (ब्रिजमधल्या उभ्या पातळ पट्टीवर) त्या टॉपपासून साधारण १२-१३ मि.मी. उंचीवरून जातात, म्हणून ब्रिजला पुढच्या बाजूला पीळ बसतो. एक मीटर लांब दांडीच्या टोकाला ९०० ग्रॅम टांगल्यावर मुळाशी जेवढा पीळ पडेल, साधारण तेवढा. ब्रिजची मागची कड वर यायला बघते, पुढची खाली दबते. गिटारीच्या टॉपची दोन मोठी दुखणी यातूनच निघतात: ब्रिजमागे पोट सुटणं आणि ब्रिज ते साउंडहोल (टॉपवरचं गोल भोक) या पट्ट्यात खळगा पडणं. हा पीळ वर्षानुवर्षं झेलायचा आणि तरीही टॉप हलका राहून मोकळा हलला पाहिजे. ब्रेसिंगचं काम एवढंच, पण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात.

आता सगळ्यात उपयोगाचा हिशेब. पट्टीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात. १४ मि.मी. उंच पट्टी १३ वर आणलीत तर वजन ७ टक्क्यांनी घटतं आणि ताठपणा २० टक्क्यांनी. तीच पट्टी १४ उंच ठेवून रुंदी ८ ची ७ केलीत तर वजन आणि ताठपणा दोन्ही साडेबारा टक्क्यांनी घटतात. म्हणजे वजन उतरवायचं असेल तर बाजूने घ्या, टॉप सैल करायचा असेल तर डोक्यावरून घ्या. उंचीवरचा रंध्याचा प्रत्येक हात मोजून मारायचा. रुंदी ६ मि.मी.च्या खाली मात्र नेऊ नका, चिकटायला जागा उरत नाही.

इथेच एक गैरसमजही काढून टाकतो. ‘पट्टीचं डोकं गोल किंवा टोकदार केलं तर वजन जातं, ताकद जात नाही’ असं सर्रास सांगतात. चौकोनी पट्टीचा पूर्ण त्रिकोण केला तर वजन निम्मं होतं, पण पट्टीचा स्वतःचा ताठपणा एकतृतीयांश उरतो. त्रिकोणाचा फायदा घ्यायचा तर उंची आधीच जास्त ठेवावी लागते. जुन्या गिटारींत अरुंद, उंच, टोकदार पट्ट्या दिसतात त्या यामुळे. पहिल्या गिटारीला वरचा एकतृतीयांश भाग दोन्ही बाजूंनी उतरता करा आणि तिथे थांबा.

पट्ट्यांचं लाकूड स्प्रूसच घ्या, शक्यतो सिटका. करवतीने कापलेली तयार पट्टी घेण्यापेक्षा ठोकळा पटाशीने फोडून घ्या. फाट लाकडाच्या नसेबरोबर जाते, त्यामुळे पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नस अखंड राहते. करवतीच्या कापात नस तिरपी निसटली की पट्टी दिसायला सरळ असते, पण ताणाखाली त्याच तिरप्या रेषेवर चिरते. वार्षिक वलयांच्या रेषा टॉपला काटकोनात उभ्या हव्यात. घरात पडलेला साग वापरायचा मोह पुष्कळांना होतो. साग ताठपणात सिटकाच्या जवळपासच आहे, पण वजनाला साधारण दीडपट. तेवढ्याच ताकदीसाठी टॉपवर दीडपट ओझं कशाला?

प्रत्येक पट्टी लावण्याआधी तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ८ × १५ मि.मी.ची सरळ पट्टी दोन टेकूंवर ठेवा, टेकूंमध्ये अंतर ४०० मि.मी. मधोमध १ किलो वजन टांगा आणि डायल गेजने लवण मोजा. सिटका चांगलं असेल तर आकडा ०.५ मि.मी.च्या आसपास येतो. ०.४५ आला तर लाकूड फारच ताठ, अंतिम उंचीत अर्धा मिलिमीटर सहज सोडता येईल. ०.७ आला तर ती पट्टी एक्सला नको, बोटभर छोट्या पट्ट्यांना वापरा. एक्सचे दोन पाय सारखे असावेत, म्हणून आकडे जुळणारी जोडी निवडा.

टॉपचीही तशीच परीक्षा घ्या. जोडलेली फळी ४०० मि.मी. रुंद, टेकूंचं अंतर ४५०, जाडी २.८ आणि मध्यावर पूर्ण रुंदीच्या पट्टीवरून १ किलो भार असेल, तर सरासरी सिटका सव्वादोन ते अडीच मि.मी. लवतो. फळी यापेक्षा बरीच जास्त लवत असेल, समजा सव्वातीन, तर २.८ ही जाडी तुमच्या फळीला कमी आहे. आता जाडी वाढवता येणार नाही, म्हणून पट्ट्या अर्धा-एक मि.मी. उंच ठेवूनच सुरुवात करा. नसेला आडवा ताठपणा उभ्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो आणि वलयरेषा उभ्या नसतील तर तो आणखी झपाट्याने पडतो. अशा फळीला बाजूच्या छोट्या पट्ट्या फार खाली उतरवू नका.

पुण्यात बांधताय म्हणून आता हवामानाबद्दल सविस्तर, कारण नवशिक्याची गिटार नकाशातल्या चुकीपेक्षा पावसाळ्यात चिकटवलेल्या पट्ट्यांमुळे जास्त वेळा बिघडते. ४५ टक्के आर्द्रतेत स्प्रूसमध्ये पाण्याचा अंश ८ ते साडेआठ टक्के असतो, ८० टक्क्यांत तो १६ च्या घरात जातो. एवढ्या फरकाने ४०० मि.मी. रुंदीची मोकळी फळी रुंदीत ४ मि.मी.हून जास्त हलते. पट्टी मात्र लांबीत जवळजवळ हलत नाही. जुलैत टॉप फुगलेला असताना पट्ट्या चिकटवल्या आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा २० टक्क्यांखाली गेली, की टॉप आकसायला बघतो आणि पट्ट्या त्याला आकसू देत नाहीत. आधी टॉपला मुद्दाम दिलेला हलका फुगवटा, म्हणजे घुमट, सपाट होतो, मग खळगा पडतो, आणि तरी ताण उरला तर टॉप फाटतो. उलट बाजूने, थोड्या कोरड्या हवेत चिकटवलेला टॉप पावसाळ्यात फुगतो, तारा बोटांना उंच लागतात, सॅडल थोडं खाली घ्यावं लागतं. एवढंच. म्हणून चूक करायचीच तर कोरड्या बाजूला करा: ४० ते ४५ टक्के उत्तम, ५० ठीक, त्याच्या वर पट्टी चिकटवू नका.

एसी आणि डीह्युमिडिफायरची खोली असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर प्लायवुडचं बंद कपाट आणि आत बल्ब यावर काम भागतं. २७ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ३७ अंशांपर्यंत तापवली की तिचीच आर्द्रता ४५ टक्क्यांवर येते. बल्ब लाकडापासून लांब ठेवा आणि मध्ये पत्रा आडवा लावा. टॉप, पट्ट्या, ब्रिजप्लेट (ब्रिजच्या खाली टॉपला आतून लागणारी फळी) सगळं एकत्र त्या कपाटात किमान दोन आठवडे ठेवा. किती दिवस पुरे हे स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा सांगेल: टॉपचं वजन रोज घ्या, दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की लाकूड स्थिरावलं. बाहेर काढा, चिकटवा, ग्लू पकडला की परत आत. स्वस्त हायग्रोमीटर दहा टक्क्यांनी खोटं बोलू शकतो. झाकणात ओलसर मीठ घेऊन दोन्ही हवाबंद पिशवीत ठेवा. दुसऱ्या दिवशी आकडा ७५ दिसायला हवा, जेवढा कमी-जास्त दिसेल तेवढी चूक धरा. कोकणात किंवा मुंबईत बांधणाऱ्यांना कोरडा ऋतू असा मिळतच नाही, त्यांनी कपाटाशिवाय सुरुवातच करू नये.

आता आखणी. बहुतेक नकाशे टॉप आतून पाहिल्यासारखे काढलेले असतात, म्हणजे जाड तारांची बाजू उजवीकडे. समोरून पाहिल्याचं समजून आखलं की टोनबार (ब्रिजच्या मागच्या भागातल्या दोन तिरप्या पट्ट्या) उलटे बसतात. टॉपच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ‘जाड’ आणि ‘बारीक’ लिहून मगच रेषा मारा. एक्सचा कोन ९८ ते १०० अंश ठेवा. छेदाचा बिंदू साउंडहोलच्या कडेपासून किती खाली हा चवीचा प्रश्न आहे. मार्टिनच्या १९३० च्या दशकातल्या ड्रेडनॉटमध्ये तो एक इंचावर, म्हणजे २५ मि.मी.वर असायचा, दशकाच्या अखेरीस कंपनीने तो ब्रिजकडे सरकवला. एक्स वर असला की ब्रिजच्या आसपासचा भाग मोकळा सुटतो, खर्ज भरून येतो आणि पोट सुटायचा धोकाही वाढतो. पहिल्या गिटारीला ३५ ते ४० मि.मी. ठेवा. कोन आणि बिंदू काहीही निवडला तरी एक अट पाळा: ब्रिजच्या दोन्ही पंखांची टोकं एक्सच्या पायांवर टेकली पाहिजेत. पाय ब्रिजच्या बाहेरून निसटत असतील तर पीळ नुसत्या टॉपवर येतो.

सुरुवातीची मापं अशी घ्या. एक्स ८ रुंद, १६ उंच. दोन टोनबार ८ रुंद, १३ उंच. बाजूच्या चार छोट्या पट्ट्या ६ रुंद, ९ उंच. साउंडहोलच्या वरची आडवी पट्टी १२ रुंद, १६ उंच. ही आडवी पट्टी तासण्याच्या खेळात घेऊच नका. नेक टॉपकडे झुकायला बघतो, तो भार ती झेलते, आवाजात तिचा वाटा नगण्य. ती हलकी केली की फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांना समांतर चिरा पडतात.

एक्सच्या आणि टोनबारच्या तळाला घुमटाचा बाक द्यायचा, त्रिज्या साधारण ८.५ मीटर. ४०० मि.मी. रुंदीवर हा उठाव जेमतेम सव्वादोन-अडीच मि.मी. होतो, पण त्याच्यावर बरंच अवलंबून आहे: आधीच फुगीर असलेला टॉप पिळाला जास्त दाद देत नाही आणि कोरड्या दिवसात आकसायला त्याला थोडी जागा मिळते. बाक देण्यासाठी खोलगट डिशवर पॉलिश पेपर चिकटवून पट्टी घासा. फक्त शेवटचा हात ताज्या धारेच्या रंध्याने किंवा स्क्रेपरने मारा आणि त्याच दिवशी चिकटवा. घासलेला, धुळीने माखलेला किंवा आठवडाभर उघडा पडलेला पृष्ठभाग ग्लू नीट धरत नाही.

एक्सच्या छेदावर थोडं थांबू. दोन्ही पट्ट्यांना अर्ध्या उंचीची खाच, एकीला वरून, दुसरीला खालून. खाच पडलेल्या जागी पट्टीची उंची निम्मी, म्हणजे ताठपणा आठवा हिस्सा. हा सांधा सैल बसला तर बाकीच्या पट्टीची उंची कितीही असो, एक्स तिथेच मोडतो. बाक आधी द्या, खाच नंतर पाडा, नाहीतर दोघींचे तळ एका पातळीत येत नाहीत. खाच ९८ अंशांनी तिरकी आहे हे विसरून गुण्या लावून काटकोनात करवत मारणं ही नेहमीची चूक. कोन टॉपवरच्या प्रत्यक्ष रेषांवरून तिरक्या गुण्यावर उचला. करवतीचा काप रेषेच्या आत ठेवा आणि भिंती पटाशीने साफ करा. सांधा अंगठ्याच्या दाबाने खाली बसला पाहिजे. हातोडी लागत असेल तर पट्टी फुटेल, आपल्या वजनाने खाली पडत असेल तर सैल आहे. सैल जागा ग्लूने भरू नका, स्प्रूसची पातळ सळी घालून पुन्हा बसवा.

यातली ज्या पट्टीची खाच डोक्याकडे उघडी आहे ती कमजोर. ब्रिजच्या पुढे टॉप आत दबतो, तेव्हा पट्टीचं डोकं ताणलं जातं, आणि उघड्या खाचेत ताण घ्यायला नस सलग उरलेलीच नसते. म्हणून छेदावर टोपी घालायची. मार्टिनच्या पद्धतीत ग्लूत भिजवलेला कापडाचा तुकडा वरून चिकटवतात. माझ्या मते २ मि.मी. जाडीची, ४० मि.मी. लांब स्प्रूसची चकती बरी, नस त्या उघड्या खाचेच्या पट्टीच्या दिशेने. छेदाची उंची अंतिम मापावर आणल्यावरच ती लावा.

ब्रिजप्लेट हार्ड मेपलची, २.५ मि.मी. जाड, ३५ ते ४० मि.मी. रुंद. तारांच्या टोकांचे धातूचे गोळे तिच्यावर टेकतात, म्हणून स्प्रूससारखं मऊ लाकूड इथे चालत नाही, वर्ष-दोन वर्षांत गोळे भोकं कुरतडत वर येतात. नस टॉपच्या नसेला बरोबर आडवी न ठेवता थोडी तिरपी ठेवली तर सहा पिनांच्या भोकांच्या ओळीत फाट जात नाही. प्लेटच्या कडा ब्रिजच्या कडांच्या बरोबर खाली येऊ देऊ नका, दोन्ही कडा एकावर एक आल्या की टॉप त्याच रेषेवर दुमडतो. आणि ‘मजबुतीसाठी’ प्लेट मोठी करायचा मोह आवरा, तिथलं प्रत्येक ग्रॅम थेट आवाजातून वजा होतं.

चिकटवायला टाइटबाँड ओरिजिनल (लाकडाचा पिवळा ग्लू) घ्या किंवा सरस. सुतारकामातला पांढरा पीव्हीए घेऊ नका, सतत ताणाखाली तो मुंगीच्या पावलांनी सरकतो आणि उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतो. सरस सगळ्यात कडक बसतो, पण ६० ते ६३ अंशांवर ठेवावा लागतो, पट्टी आधी गरम करावी लागते आणि जागेवर बसवायला जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. पहिल्या गिटारीला टाइटबाँड: लावून पाच मिनिटांत दाब आला पाहिजे आणि दाब तासभर ठेवायचा. एक्सचे दोन्ही पाय एकाच वेळी चिकटवा, मग ब्रिजप्लेट, मग टोनबार, छोट्या पट्ट्या शेवटी.

दाबासाठी गो-बारची चौकट करा. दोन जाड प्लाय बोर्ड, खालच्यावर डिश, आणि मधल्या अंतरापेक्षा वीस-पंचवीस मि.मी. लांब बांबूच्या कामट्या वाकवून अडकवायच्या. १२ × ५ मि.मी.ची, ६०० मि.मी. लांब कामटी साधारण ५ किलो दाब देते आणि ती थोडी वाकली काय, जास्त वाकली काय, दाब जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे दाब वाढवायचा तर कामटी लांब करू नका, संख्या वाढवा. एक्सच्या प्रत्येक पायावर सात-आठ लागतात. कामटी उभी, बरोबर पट्टीच्या मध्यावर हवी, नाहीतर पट्टी ग्लूवर घसरते. शेजारी दोन छोटे खिळे किंवा टेकू लावून पट्टी आधी अडवून घ्या. बाहेर आलेला ग्लू वीसेक मिनिटांनी, जेलीसारखा झाला की, लाकडी पटाशीने उचला. पूर्ण वाळल्यावर खरवडायला गेलात तर टॉपला ओरखडे पडतात.

स्कॅलपचा प्रश्न आता. मार्टिनने एक्सचा आराखडा १८४० च्या दशकात आणला, तेव्हा गिटारींना आतड्याच्या तारा असत. स्टीलच्या तारा आल्यावरही पट्ट्या मधे खोलगट कोरायची पद्धत चालू राहिली. १९४४ च्या अखेरीस कंपनीने ती थांबवली, कारण लोक जाड तारा लावत होते आणि टॉप फुगून गिटारी परत येत होत्या. १९७६ मध्ये एचडी-२८ मधून स्कॅलप परत आला. यातून घ्यायचं ते एवढंच: स्कॅलप म्हणजे नेमक्या ब्रिजच्या पंखांजवळचा ताठपणा काढून घेणं. खर्ज फुलतो, पण चुकीला जागा राहत नाही. पहिल्या गिटारीला मी एक्स सरळ उताराचा ठेवीन आणि टोनबार तेवढे स्कॅलप करीन. एक्सला स्कॅलप हवाच असेल तर छेदावर साडेचौदा, दरीत साडेनऊ-दहा, पुढच्या उंचवट्यावर बारा, यापेक्षा खाली टॉप सुटा असताना जाऊ नका.

सरळ उतारासाठी: छेदावर १५ वर आणा, तिथून बाहेर टोकाकडे उतरत अडीच मि.मी. ही टोकं लायनिंगमध्ये, म्हणजे डब्याच्या बाजूंना आतून कडेने लावलेल्या पट्टीमध्ये, पाडलेल्या खाचेत बसतात, खाच तंतोतंत अडीचचीच हवी. खाच खोल झाली की टोक लोंबतं आणि पुढे कधीतरी कर्कश कंप देतं. टोनबार आणि छोट्या पट्ट्या मात्र लायनिंगच्या आधीच शून्यावर येऊन संपल्या पाहिजेत.

तासताना टॉप कानाशी धरून ठकठक करणारे बरेच. सुट्या टॉपच्या कडा मोकळ्या असतात, बंद डब्यात त्या जखडलेल्या असतात. त्यामुळे सुट्या टॉपचा सूर तयार गिटारीबद्दल फारसं काही सांगत नाही. ठोकण्याचा खरा उपयोग दुसरा: बोटाच्या पेराने पट्टीभर ठोकत जा, एखाद्या जागी आवाज फुटका किंवा बसका आला तर तिथे ग्लूने धरलेलं नाही.

मग थांबायचं कुठे? दोन टप्प्यांत. टॉप सुटा असताना छेदावर १५, टोनबार मध्यावर ११, छोट्या पट्ट्या ८, इथे थांबून डबा बंद करा. ही पातळी मुद्दाम थोडी जड ठेवलेली आहे. पॉलिश करायच्या आधी, कोऱ्या लाकडावरच ब्रिज चिकटवून तारा चढवा आणि मोजा. ब्रिजवर डिजिटल अँगल गेज ठेवा, तारा सैल असताना एक आकडा आणि सुरात लावून एक-दोन दिवस गेल्यावर दुसरा. फरक दीड ते दोन अंश आला तर पट्ट्यांना हात लावू नका. एक अंशाच्या आत असेल तर टॉप जड आहे, अजून घ्यायला वाव आहे. तीन अंशांवर गेला तर काढण्यासारखं काहीच उरलेलं नाही, उलट ११-५२ च्या तारांवर राहायचा विचार करा.

वाव असेल तर तारा उतरवून साउंडहोलमधून हात घाला. चार इंचांच्या भोकातून बोटभर रंधा किंवा लाकडी ठोकळ्यावरचा ८० नंबरचा पेपर सहज चालतो, सोबत छोटा आरसा आणि दिवा. क्रम असा: आधी टोनबार, मग एक्सचे खालचे पाय, ब्रिजच्या मागच्या बाजूला. छेदापासून ब्रिजपर्यंतचा भाग शिवायचा नाही, तो गेला की साउंडहोलजवळ खळगा पडतो. एका वेळी अर्धा मिलिमीटर, मग तारा चढवून पुन्हा माप.

जोडीला फोनवरचं स्पेक्ट्रमचं अॅप लावा. तारा बोटांनी गप्प करून ब्रिजवर हलकेच ठोका. ड्रेडनॉटमध्ये पहिलं शिखर ९५ ते १०५ हर्ट्झला दिसेल, ते डब्यातल्या हवेचं. पुढचं मोठं शिखर टॉपचं, ते १८० ते २०० च्या दरम्यान यायला हवं. २१५ च्या वर असेल तर पट्ट्या अजून जड आहेत. हे शिखर नेमकं १९६ वर बसलं तर मोकळी तिसरी तार, म्हणजे जी, एकदम मोठी होऊन लगेच विझते. दोन सुरांच्या मधे, समजा १९० च्या आसपास, ते ठेवता आलं तर कुठलाच सूर बळी जात नाही. टोनबारवरून थोडं घेतलं की शिखर दोन-चार हर्ट्झ खाली सरकतं, तेवढं पुरतं.

पुढे काय बिघडतं ते ओळखायला सरळ धारेची एक मोजपट्टी पुरते. तारा सुरात असताना ती ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी ठेवा. दोन्ही टोकांना दोन-तीन मि.मी. फट दिसणं हे निरोगी गिटारीचंच लक्षण आहे, सपाट दिसला तर उलट हवा फार कोरडी आहे. फट चारच्या पुढे गेली आणि ब्रिजची मागची कड सुटायला लागली, तर आधी ब्रिजप्लेट तपासा. मग तीच मोजपट्टी ब्रिज आणि साउंडहोलच्या मधे ठेवा. इथे दीड मि.मी.हून जास्त खळगा असेल तर जवळजवळ नेहमीच एक्सचा छेद सुटलेला असतो. आरशात छेदाकडे बघत ब्रिजवर अंगठ्याने दाब द्या, टोपीखाली बारीक रेघ उघड-मिट होताना दिसेल. पट्टीचं टोक सुटलं असेल तर ठरावीक सुरालाच भुंगा वाजतो आणि बाहेरून त्या जागी बोट दाबलं की थांबतो. पातळ पोलादी पात्याने ग्लू आत सारायचा आणि आतून छोट्या जॅकने दाब द्यायचा, फक्त त्याआधी गिटार आठवडाभर ४५ टक्क्यांत ठेवायची.

पॉलिश झाल्यावर टॉपवर पट्ट्यांच्या रेषा उमटलेल्या दिसत असतील तर त्याचा आवाजाशी संबंध नाही. चिकटवताना ग्लूचं पाणी टॉपमध्ये शिरून तो भाग फुगलेला असतो आणि लगेच घासून सपाट केला की तो वाळल्यावर खाली बसतो. पट्ट्या लावल्यावर टॉप घासायच्या आधी आठवडाभर कपाटात राहू द्या. आणि १३-५६ चा सेट लावायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच ठरवा. ताण ८४ किलोंवर जातो, त्यासाठी छेदावरची उंची अर्धा मिलिमीटर जास्त सोडावी लागते, आणि काढलेला अर्धा मिलिमीटर नंतर भोकातून हात घालून परत लावता येत नाही.